भिंगवाल्यांच्या टाकीतलं शेवाळ

भिंगवाल्यांचं आयुष्य चष्म्याच्या काचा घासण्यात गेलं. काचेवर एवढासा चरा दिसला तरी ती पुन्हा घासायला घ्यायची, मग गिऱ्हाईक ताटकळलं तरी बेहत्तर. दुकान बंद केल्यावर ही सगळी शिस्त बैठकीतल्या माशांच्या टाकीच्या वाट्याला आली. आत खऱ्या पाणवनस्पती होत्या, त्यांतून निळसर माशांचा थवा फिरायचा आणि तळाशी नखाएवढ्या कोळंब्या दगड चाटत बसायच्या. बायको होती तेव्हा म्हणायची, "माझ्या तोंडाकडे कधी इतका वेळ बघितलंत का?" ते म्हणायचे, "तू कुठे माशांसारखी गप्प बसतेस!" ती गेली. मग घरात ते आणि दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसणारी मुलगी, अशी दोघंच उरली.

आसपास कुणाची टाकी बिघडली की लोक त्यांच्याकडे येत. त्यांचं उत्तर ठरलेलं असे. "शेवाळ उगाच येत नाही. उजेड जास्त झालाय, नाहीतर खाणं. तुमचा हात आवरा."

आणि आता त्यांच्याच टाकीत शेवाळ आलं. आधी काचेवर हिरवा थर, मग पानांना धागे, मग दगडांवर दाढीसारखे काळे झुबके. त्यांनी काच खरवडली, पाणी बदललं, खराब पानं छाटली. चार दिवसांत पुन्हा तेच.

"तू दिवा चालू ठेवतेस," ते मुलीवर डाफरले.

"बाबा, मी दिवसभर घरात असते का?"

"मग काय भुतं येतात?"

सुट्टीच्या दिवशी तिला भूत सापडलं. चहा झाल्यावर बाबांनी माशांना चिमूटभर खाणं घातलं. पेपर चाळून उठले आणि टाकीशी येऊन म्हणाले, "अरे, सकाळपासून उपाशीच की तुम्ही!" परत चिमूट. अंघोळीहून आले, परत चिमूट.

"बाबा, आत्ताच तर घातलंत."

"मला शिकवतेस?"

तिने माशांच्या खाण्याचा डबा लपवला. दुसऱ्या दिवशी पाण्यावर पाव तरंगत होता. तिचा तोल सुटला. "शेवाळ शेवाळ म्हणून माझ्या नावाने ओरडता आणि घाण तुम्हीच करताय!" ते भिंतीकडे तोंड करून बसले. वयोमानाने होतं असं, तिने मनाची समजूत घातली आणि कामाला गेली. दवाखान्याच्या खिडकीवर विसरणारी म्हातारी माणसं ती रोज बघत होती. पण ती दुसऱ्यांची होती.

मग माशांच्या दुकानातल्या बाईंचा फोन आला.

"ताई, काका बरे आहेत ना? शेवाळाचं औषध परवा नेलं, काल नेलं, आज पुन्हा आले. मी नाही म्हटलं तर रागावून दुसऱ्या दुकानाकडे गेले. ते औषध फार जपून घालावं लागतं हो."

खिडकीचं काम शेजारी बसणाऱ्या सहकारिणीवर सोपवून ती तडक घरी आली. बाबा बाह्या दुमडून टाकीसमोर खुर्चीत बसले होते. हात कोपरापर्यंत ओले. पायाशी औषधाच्या रिकाम्या बाटल्या. पाणी स्वच्छ होतं, अगदी त्यांनी घासलेल्या काचेसारखं. वर सगळा थवा पोट वर करून तरंगत होता. कोळंब्या तळाशी पांढऱ्या पडल्या होत्या.

"बघ," ते खुशीत म्हणाले, "गेलं की नाही शेवाळ?"

तिची नजर जिकडे होती तिकडे त्यांनीही पाहिलं. चेहरा हळूहळू उतरला.

"कुणी केलं गं हे?"

बाबांच्या तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी जे सांगितलं ते तिला पावाच्या तुकड्यांनी आधीच सांगितलं होतं. मासे तिने चाळणीने काढले. झाडं मात्र तगली. खाणं टाकणारं कुणी नाही, दिव्याचं बटण तिच्या ताब्यात. नवी पानं फुटली आणि टाकी दृष्ट लागावी अशी झाली.

"मासे कुठे गेले?" ते विचारत. सुरुवातीला ती खरं सांगायची. मग ते नव्याने हादरत, नव्याने रडत आणि जेवणाआधी पुन्हा विचारत. शेवटी ती म्हणू लागली, "पानांमागे आहेत, बाबा. येतील." ते खुर्ची ओढून बसत आणि वाट बघत. ती कामाहून आली तरी तिथेच असत.

एकदा तिनेच विचारलं, "दिसले का मासे?"

"कसले मासे?" ते म्हणाले. मग तिच्याकडे वळून, परक्या बाईशी बोलावं तसं अदबीने म्हणाले, "तुम्ही बसा ना. माझी मुलगी येईलच आता."

ती शेजारची खुर्ची ओढून बसली.