खाली आहे ना?

हेमलता सुभेदारला तिच्या रुग्णालयात सगळे 'कंप्यूटरवाली दीदी' म्हणत. चौदा वर्षांत तिच्या हातून एकदाही काही बंद पडलं नव्हतं, आणि म्हणूनच ती नेमकं काय करते हे तिथं कुणाला नीट ठाऊक नव्हतं.

लोखंडी रॅकमध्ये एकावर एक बसवलेले दोन सर्व्हर तिच्या ताब्यात होते. प्रत्येकाच्या पोटात सहा-सात आभासी मशिनं, म्हणजे संगणकातले संगणक, चालत. औषधांचं एक, वॉर्डांचं एक, प्रयोगशाळेचं एक. दर तीन महिन्यांनी सर्व्हरवर अपडेट टाकून तो बंद करून पुन्हा सुरू करावा लागे. त्याआधी पोटातली सगळी मशिनं चालत्या स्थितीत दुसऱ्या सर्व्हरवर सरकवायची. हेमलता आदल्या दिवशी बॅकअप घ्यायची आणि रविवारी दुपारी, गर्दी कमी असताना, कामाला बसायची. पडद्यावरच्या मशिनांच्या यादीतलं एकेक नाव बोट ठेवून वाचायची. यादी कोरी दिसल्याशिवाय बटणाला हात लावायची नाही. श्रीरंग, तिचा नवरा, म्हणायचा, "गॅस बंद केला का ते तू तीनदा बघते. तिथंही तेच करत असशील."

तिथंही ती तेच करत होती.

तिच्या हाताखाली अनुपम होता, सहा वर्षांपासून कंत्राटावर. तोही तिच्यासारखा जबलपूरचाच, घरी मराठी, बाहेर हिंदी. तो तिला ताई म्हणे आणि दोघं मराठीत बोलत. इथल्या मराठीत 'रिकामं' फारसं कुणी म्हणत नाही, हिंदीसारखं 'खाली' म्हणतात. डबा खाली, खोली खाली, सर्व्हर खाली. पण अनुपमनं गेल्या वर्षी पुण्याची मुलगी केली, आणि प्रणोती त्याला शब्दाशब्दाला टोकायची.

"ताई, घरी माझी शाळा सुरू आहे," तो एकदा चहा पिताना म्हणाला होता. "डबा रिकामा असतो म्हणे. खाली म्हणजे जमिनीवर."

"शीक बाबा," हेमलता हसली होती. "आमचं आता काही सुधारत नाही."

फेब्रुवारीतल्या त्या रविवारी सासूबाईंना सांभाळणारी बाई आली नाही. सासूबाई अर्धांगानं अंथरुणाला खिळलेल्या. श्रीरंग घरीच होता, पण म्हणाला, "आईचं ते मला नाही जमत. एक दिवस तुझ्या मशिनांना दुसरं कुणी पाहील." मग हेमलतानं अनुपमला एकट्यालाच काम करायला सांगितलं. घरी लॅपटॉप उघडून ती यादीवर लक्ष ठेवणार होती.

वरचा सर्व्हर नीट पार पडला. एकच्या सुमाराला दुसऱ्याच्या वेळी अनुपमचा फोन आला तेव्हा हेमलता सासूबाईंना कुशीवर धरून त्यांच्याखालची चादर ओढत होती. फोन खांद्यात दाबलेला, लॅपटॉप बाहेर टेबलावर बंद.

"ताई, आता दुसरा. सर्व्हरपाशीच उभा आहे. रीस्टार्ट करू?"

"खाली आहे ना?"

"हो, खाली आहे."

"नीट पाहिलं?"

"अहो, डोळ्यांसमोर आहे. खालीच आहे."

"मग कर."

तिनं विचारलं होतं, रिकामा आहे ना. त्याला वाटलं, खालचाच आहे ना, हे ती पक्कं करून राहिली. रुग्णालयातला यादीचा पडदा सर्व्हरपासून दूर, बाहेरच्या खोलीत होता, आणि यादी तर ताई घरून बघतेच. मशिनं आपोआप सरकली होती, पण सगळी नाही. प्रयोगशाळेचं मशीन अडकून तिथंच राहिलं होतं. ते तसंच बंद पडलं आणि पुन्हा उठलं नाही.

बॅकअपमधून ते उभं करायला सव्वाचार तास लागले. त्या सव्वाचार तासांत वॉर्डात दाखल असलेल्या, रिछाईच्या एका कारखान्यात काम करणाऱ्या रामकृष्ण नावाच्या माणसाचा रक्ताचा रिपोर्ट प्रयोगशाळेत तयार होऊन पडून होता. पोटॅशियम फार वाढलेलं, हृदय थांबवेल इतकं. एरवी असा रिपोर्ट वॉर्डाच्या पडद्यावर लाल होऊन येई. फोन करायची सवय सगळ्यांचीच मोडली होती. पावणेचारला रामकृष्ण गेला.

मृत्यूचा या प्रकाराशी संबंध जोडता येत नाही, असं डॉक्टरांनी लिहून दिलं. सर्व्हरची चौकशी मात्र झाली. दोघांपैकी एकाची नोकरी जाणार हे चपराशालाही माहीत होतं.

समितीचे अध्यक्ष तिवारीजी. अनुपम त्यांना म्हणाला, "सर, मराठी में खाली मतलब नीचे होता है. मुझे लगा दीदी पूछ रही हैं, नीचे वाला ही है न."

"अच्छा! और छह साल से खाली का मतलब क्या था?" तिवारीजी म्हणाले. बाकीचे हसले.

अनुपम हेमलताकडे बघत राहिला. घरातल्या शाळेचं तिला माहीत होतं. आणि लॅपटॉप उघडलाच नव्हता, हेही फक्त तिलाच माहीत होतं.

"मैडम, आप भी मराठी हैं. आपके यहाँ खाली किसको बोलते हैं?"

हेमलतानं पदर सावरला. "हमारे यहाँ तो खाली को खाली ही बोलते हैं, सर."

यात खोटं काही नव्हतं. लॅपटॉपचं कुणी विचारलं नाही.

अनुपमला त्याच दिवशी काढलं. घरी श्रीरंगनं विचारलं, "तुझ्यावर तर नाही ना आलं?" ती नाही म्हणाली. "मग झालं," तो म्हणाला आणि जेवायला बसला.

ती पोळ्या करत असताना प्रणोतीचा फोन आला. आवाज घोगरा, पण वाक्यं नीट, पुस्तकातल्यासारखी.

"ताई, हा काही बोलतच नाहीये. नुसता बसून आहे. त्याला काय म्हणायचं होतं, ते तुम्ही त्यांना समजावून सांगितलंत ना? तुम्हाला मराठी येतं म्हणून विचारते."

तव्यावरची पोळी करपायला लागली होती. हेमलतानं गॅस बारीक केला.

"मला विचारलं तेवढं सांगितलं गं," ती म्हणाली.

"हो ना? मला खात्री होती," प्रणोती म्हणाली. "थँक यू, ताई."