तुडूम बुजवणारा

आमच्या तलावाचं तुडूम दुष्काळात मी उघडलं आणि मीच बुजवलं, असं गावातले लोक सांगत आले. ते खोटं आहे. मी पाण्यात उतरलोच नव्हतो. डोंग्यात बसून मी फक्त दोर धरला होता.

सत्तरच्या दशकात आसगावकडच्या आमच्या भागात धान तलावाच्या पाण्यावर पिकायचं. तलावाच्या पाळीच्या, म्हणजे मातीच्या भिंतीच्या, आतल्या बाजूला एकाखाली एक अशी दगडी तोंडं होती. तेच तुडूम. तोंडातलं लाकडी बूच काढलं की पाणी धानाच्या बांध्यांत जायचं. त्या वर्षी पावसाने दगा दिला. वरची तोंडं उघडी पडली. उरलं ते सगळ्यात खालचं, दोन पुरुष खोल पाण्याखाली.

ते उघडलं तर तलाव आटून मासे मरतील, म्हणून मासेमारी करणाऱ्या ढिवरांनी ठरवलं, कोणीच बुडी मारायची नाही. त्यांचंही पोट होतं. आणि दुसऱ्या कोणाची तिथवर जायची छाती नव्हती.

माझा जिवलग दोस्त ढिवरच. एक दिवस तो माझ्या बांधीत आला आणि लोंबीतला दाणा नखाने दाबून पाहिला.

"दूध भरून राहिलं गा. तीन दिवस पानी भेटलं तं वाचते."

"अन् तुमचे मासे?"

"चौथ्या दिवशी बुजवून देईन. पन माह्यं नाव घेशीन तं डोंग्यातून ढकलीन तुले."

उजाडता उजाडता आम्ही निघालो. कमरेला दोर बांधून तो खाली गेला आणि बूच घेऊन वर आला. मला पाळीवर उतरवून तो डोंगा घेऊन निघून गेला. लोक धावत आले तेव्हा बूच माझ्या हातात होतं. कोणी विचारलंच नाही. त्याच्यासाठी मी गप्प बसलो, आणि तेव्हा ते बरोबरच होतं.

खरं काम चौथ्या दिवसाचं, तेही पहाटे, कोणी नसताना. वाहतं तोंड माणसाचा हात खेचून घेतं. समोरून जायचं नाही. कडेच्या दगडाला पाठ लावून, तणसाने, म्हणजे धानाच्या पेंढ्याने, गुंडाळलेलं बूच तिरपं सरकवायचं. आमची खूण ठरलेली: दोराला दोन झटके आले की ओढायचं. मी पाण्याकडे पाहत बसलो. झटके येईनात. मला धीर धरवला नाही आणि मी खूण नसताना ओढलं.

तो वर आला तेव्हा उजव्या कानातून रक्त येत होतं. माझ्या ओढीने त्याचं डोकं दगडावर आपटलं होतं.

"काहून ओढलं बे? बसतच होतं!"

त्याने कानावर दुपट्टा बांधला, दम घेतला आणि पुन्हा बुडी मारली. या वेळी दोन झटके आले. पाटाचं पाणी थांबलं. धानही वाचलं, मासेही वाचले. असा बुडी मारणारा मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही.

पुढच्या वर्षी तलाव भरला, भांडण मिटलं. तो हसत म्हणाला, "आता सांगशीन तं चालते गा."

मी हो म्हणालो आणि सांगितलं नाही. तोवर देवळासमोर माझ्या खांद्यावर शेला पडला होता. ऐंशीच्या दशकात त्याच नावावर ग्रामपंचायतीत निवडून आलो. त्याला मात्र लोक "भैरा" म्हणून चिडवत, आणि तो कान कशाने गेला ते मला माहीत होतं.

परवा तुडुमाच्या जागी बसवलेल्या लोखंडी दाराचं पूजन होतं. नारळ माझ्या हातात दिला. मी तो त्याच्या हातात ठेवला आणि सगळ्यांसमोर सगळं सांगितलं, कानाचंही.

त्याने डावा कान पुढे केला. "एवढं सांगाले म्हातारा झाला का तू?"

लोक हसले. तो हसला नाही. म्हणाला, "अन् तणस सांगतलं, पन कोनतं ते सांगतलंच नाही. ओलं तणस लागते. कोरडं तरंगते."

मग नारळ काखेत धरून, दोन्ही हातांनी तो ढिवरांच्या पोरांना दाखवू लागला, पाठ कुठे लावायची, बूच कसं तिरपं धरायचं. मी मागे उभा राहून पाहत होतो. पहिल्यांदाच लोक बरोबर माणसाकडे पाहत होते.