घाटमाथ्याचं तांब्याभर पाणी

नगरच्या मोटारतळावर दादा रिकामा तांब्या मांडीवर घेऊन बसला, तेव्हाच माझं डोकं फिरलं. आमच्या पाथर्डीकडच्या गावाची ही रीत: मृग कोरडा गेला की घरच्या कर्त्याने घाटमाथ्यावरून पावसाचं पाणी आणायचं, बांधावर शिंपडायचं आणि चाड्यावर मूठ धरायची (पेरणीला हात घालायचा). घरात बाजरी उरली होती ती एका पेरणीपुरती. ती धुळीत गेली तर पोरांनी खायचं काय? मी हायस्कुलात विज्ञान शिकवतो. दादाला पेरण्यापासून अडवायचं म्हणूनच बरोबर निघालो.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस, पेट्रोलचा ठणठणाट. कोळशाच्या गॅसवरची मोटार संगमनेरच्या चढाला बसली आणि आम्ही उतारूंनी ती ढकलली. अकोल्यापुढे पाऊस लागला. भंडारदऱ्याहून चिखल तुडवत घाटघरला पोचलो, तर समोरचं झाड दिसेना.

एका म्हातारीने ओसरीवर घेतलं, नागलीची भाकरी आणि ठेचा दिला. तिची आवणं (भाताची रोपं) वाहून गेली होती.

"लई झाला. न्या की समदा तुमच्याकडं," ती वैतागून म्हणाली.

"नेतोच, मावशे." दादाने हसत तांब्या पागोळीखाली धरला.

मी भडकलो. "दादा, हा पाऊस इथंच सांडतो. समुद्राची ओली हवा डोंगर चढते म्हणून. पलीकडे वर गरम, कोरड्या हवेचं झाकण बसलंय. खालची हवा उसळत नाही तोवर आपल्याकडे ढग नुसते पळणार."

"तुझं झाकन शाळंत ठिव, मास्तर. ढग मला दिसत्यात."

परतताना संगमनेरात रस्ता ओला होता, नगरात कोरडा. ढग मात्र गावापर्यंत डोक्यावरून पळत आले, मेल्यांनी एक थेंब टाकला नाही. माझं खरं ठरलं होतं. ते खरं काय चुलीत घालायचं?

वहिनी पेरायच्या पाभरीला बैल जुंपून बांधावर उभी होती. दादाने वर पाहिलं, पायाने ढेकूळ फोडलं. आत नुसता फुफाटा.

वहिनीने त्याच्या हातून तांब्या ओढला. "पोरं गढूळ पित्यात आन् हे मातीला पाजनार," म्हणत तिने ते पाणी पोरांच्या ओंजळीत ओतलं.

दादाने बैल सोडले, बियाण्याचं पोतं पाठीवर घेतलं. मग माझ्याकडे वळला.

"मास्तर, तुझं ते झाकन उघडतं कवा?"