मेयरबाईंची पाटी

मेयरबाईंना कोणी पत्ता विचारला की त्या भडकत. "नागपूर" एवढंच सांगत, आणि समोरच्यानं "नागपुरात कुठं?" असं विचारलं तर त्याच्याकडे असं बघत की तो पुन्हा विचारत नसे. खरं उत्तर लाजिरवाणं होतं. कन्हानकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून असलेला आमचा लेआउट, म्हणजे प्लॉट पाडून वसवलेली वस्ती, कोणाचाच नाही. ग्रामपंचायत म्हणते, तुम्ही शहराचे. शहर म्हणतं, तुम्ही गावाचे. प्लॉट विकणाऱ्यानं वर्षभरात शहरात येणार म्हणून सांगितलं होतं. तो स्वतः शहरात बंगला बांधून राहतो.

बाईंचं नाव सुमन. नवरा रेल्वेत होता, तो गेल्यावर एकट्याच राहत. 'मेयर' हे नाव टँकरवाल्यानं कुचेष्टेनं ठेवलं होतं, बाईंनी ते पदासारखं मिरवलं. सकाळी आपलं अंगण झाडून झालं की त्या रस्ता झाडायला घेत, आणि झाडता झाडता प्रत्येक फाटकापाशी थांबून आतल्यांचा उद्धार करत. मलाही सोडलं नाही. "भाऊ, शहरात राहाचं आन् कचरा नालीत टाकाचा, हे काय शोभते गा?" नाली बाईंनीच आमच्याकडून खणून घेतली होती.

दसऱ्याला दीक्षाभूमीकडे पायी निघालेली माणसं आमच्यावरून जात. बाई पांढरी साडी नेसून फाटकापुढे माठ मांडून बसत. पाणी टँकरचं, विकतचं, पण हात कधी आखडला नाही. शहराला पाणी नेणारी मोठी पाइपलाइन आमच्या कुंपणाला लागून जाते, पण आमच्यासाठी तिचा उपयोग कपडे वाळत घालण्यापुरता. नागपूर अजून किती दूर, असं कोणी विचारलं की बाई म्हणत, "आलं ना. हेच नागपूर." एका वर्षी एक म्हातारी पाणी पिऊन सहज बोलून गेली, "नागपूरची पाटी त पुढं लागते, बाई." तिचं बरोबर होतं. शहराची हद्द सुरू झाल्याची पाटी आमच्या लेआउटच्या पुढे, शहराच्या बाजूला होती. त्या दिवशी बाई जेवल्या नाहीत.

उन्हाळ्यात भर दुपारी त्यांनी मला आणि शेजारच्या वानखेडेला सब्बल घेऊन बोलावलं. पाटी उपटून लेआउटच्या अलीकडे, कन्हानच्या बाजूला रोवायची होती. मी म्हटलं, रात्री करू. बाई म्हणाल्या, "रातच्याले काहून? आपन चोरी करून राहिलो का गा?"

पुढच्याच आठवड्यात कचरागाडी आत आली. ड्रायव्हरला पाटीपर्यंत जायचं एवढंच ठाऊक होतं. बाईंनी त्याला चहा पाजला आणि नळासाठी पुन्हा शेजारच्या प्रभागातल्या पुढाऱ्याच्या दारात जाऊन बसल्या. तो दर वेळी हात जोडून तेच सांगे, "ताई, तुम्ही माझ्या हद्दीत येत नाही."

यंदा बाईंना कावीळ झाली. दवाखान्यात मी सोबत होतो. पाणी कुठलं पिता, असं डॉक्टरांनी विचारलं. मी तोंड उघडायच्या आत बाई म्हणाल्या, "नागपूरचं." त्या अवस्थेतही ताठ बसून म्हणाल्या. आठ-दहा दिवसांत गेल्या.

मग पुढारी आला. बाईंच्या जिवंतपणी इथं पाऊल टाकलं नाही, आता चार गाड्या घेऊन आला. त्याच्या माणसांपैकी कोणाला तरी पाटी चुकीच्या जागी दिसली, आणि दुसऱ्या दिवशी ती मुकाट्यानं जुन्या जागी गेली. नळाला वर्षं लागतात, पाटीला एक सकाळ पुरली. कचरागाडी पुन्हा तिथूनच वळायला लागली. वर त्याच पाटीला श्रद्धांजलीचा फ्लेक्स बांधलेला. पुढाऱ्याचा हसरा चेहरा मोठा, बाई कोपऱ्यात पासपोर्टएवढ्या, आणि खाली लिहिलेलं, 'आमच्या प्रभागाचा आधारवड हरपला'. आमच्या प्रभागाचा! मेल्यावर बाई हद्दीत आल्या. माझं डोकं असं फिरलं की मी तिथंच रस्त्यात उभा राहून त्या फोटोला शिव्या घातल्या. लोक बघत होते, बघू देत.

दुपारी वानखेडे न बोलावता सब्बल घेऊन आला. आम्ही फ्लेक्स फाडून काढला, पाटी उपटली आणि बाईंनी ठरवलेल्या जागी नेऊन रोवली. या वेळी बुडाशी सिमेंट घातलं. कालवायला पाणी टँकरचंच होतं.