आमचं नाटक नांदेडला आलं

ते नाटक पुण्यात गाजायला लागलं तसे लातुरातले लोक मला रस्त्यात थांबवून विचारायला लागले, "आपल्याकडं कधी येणार हो?" जणू मीच निर्माता. पण विचारण्याला कारण होतं. ते नाटक पहिल्यांदा आम्ही केलं होतं. लेखक माझा कॉलेजातला मित्र, दिवे मी सांभाळलेले, आणि त्यातली सून माझ्या बायकोनं उभी केलेली.

गोष्ट साधी आहे. गावात सासू वारलेली, मुलगे शहरातून यायचेत, आणि ते येईपर्यंत सून मयतापाशी एकटी बसून सासूशी बोलते. बस, एवढंच. बायकोचं माहेर देवणीकडचं. तिची आजी गेली तेव्हा तिची आई अशीच बोलत बसली होती. तालमीत अडलं की ती आईचं ते बोलणं आठवून एखादं वाक्य म्हणायची आणि मित्र पेन काढून लिहून घ्यायचा. "आत्याबाई, चा मांडू का?" हे सासूला विचारायचं वाक्य तिचंच. हौशी स्पर्धेत ती ते म्हणाली तेव्हा मागच्या रांगेतल्या बायका पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. मी दिव्यांपाशी उभा राहून ते पाहिलं आहे.

पुढं मित्र पुण्याला गेला, मालिका लिहू लागला. एका निर्मात्याला नाटक आवडलं, असा त्याचा फोन आला तेव्हा आम्ही खरंच पेढे वाटले. नंतर त्यानं बायकोला फोन केला. "वहिनी, लिखाण परत पक्कं करायलोय. तुम्ही कसं बोलत होतात, ते एकदा सगळं फोनवर रेकॉर्ड करून पाठवा ना."

तिला त्या आठवड्यात पडसं झालं होतं. तरी तिनं पंखा बंद करून, खोलीचं दार लावून दोन्ही अंकांतलं आपलं सगळं बोलणं म्हणून पाठवलं. मध्येच घसा दाटला की आवंढा गिळायची आणि पुढं जायची. त्यानंतर ती सकाळी फिरायला जायला लागली. शाळेत बिनपगारी रजा किती मिळते, याची तिनं हेडमास्तरांकडं चौकशी केली होती, हे मला फार उशिरा कळलं. मला ती काही बोलली नाही. मीही विचारलं नाही, कारण जे तिच्या मनात होतं तेच माझ्याही होतं.

मग पेपरात मालिकेतल्या एका नटीचा फोटो आला, सुनेचं काम ती करणार म्हणून. बायकोनं वाचलं आणि म्हणाली, "बरं झालं. चांगली करती ती."

पुण्यातलं कौतुक आमच्यापर्यंत येत राहिलं. कुणी परीक्षण पाठवायचं, कुणी फोनवर तुकडा. 'मराठवाड्याच्या मातीतली भाषा' असं सगळीकडं लिहिलेलं. एका परीक्षणात त्या नटीच्या आवंढा गिळण्याच्या जागेचं खास कौतुक होतं. ते वाचून बायकोनं फोन उलटा ठेवला. मी म्हणालो, "योगायोग असेल." ती "हाव" म्हणाली आणि भाजी निवडायला बसली.

शेवटी नांदेडचा प्रयोग जाहीर झाला. लातूरच्या नाट्यगृहाचं काम चाललेलं, म्हणून इकडं नंतर बघू, असं ठरलं होतं. पण लोकांना धीर कुठला. आमच्या नाट्यमंडळींनी एक गाडीच ठरवली. कोण कुठं बसणार, डबे कुणी आणायचे, नटीबरोबर फोटो मिळेल का, यावर रोज चर्चा. माझ्या ऑफिसातला एक जण तर म्हणाला, "साहेब, वहिनींना स्टेजवर बोलावतील बघा. मूळच्या त्याच ना." हे मी घरी सांगितलं. सांगायला नको होतं असं आता वाटतं. प्रयोगाच्या दिवशी तिनं लग्नातली नारायणपेठी काढली.

रविवारी दुपारचा प्रयोग. नांदेडच्या नाट्यगृहाबाहेर ही गर्दी. देगलूरहून, परभणीहून लोक आलेले. तिकीट न मिळालेले गेटवरच्या माणसाशी हुज्जत घालत होते. एवढी माणसं नाटकाला आलेली पाहून मला भरून आलं, खोटं कशाला सांगू. आपल्या भागातलं, आपल्या बोलीतलं नाटक, आणि त्यासाठी ही झुंबड.

पडदा उघडला. पहिल्या वाक्यालाच बायकोनं माझं मनगट धरलं.

तो आवाज तिचा होता. म्हणजे गळा त्या नटीचा, पण थांबायचं कुठं, शब्द ओढायचा कुठं, श्वास कुठं घ्यायचा, सगळं हिचं. पडशातला आवंढासुद्धा जागच्या जागी. फक्त जे हिनं हळू म्हटलं होतं ते तिथं मोठं झालं होतं. 'लई' म्हणताना नटी मान हलवायची, 'न्हाई' म्हणताना हात. आणि "आत्याबाई, चा मांडू का?" आलं तेव्हा ती प्रेक्षकांकडं बघून थांबली. नाट्यगृह हसलं. पुण्यातले हसले असते तर मी समजू शकलो असतो. हे आमचेच लोक होते. ज्यांच्या घरात सकाळी असंच बोललेलं असतं, ते आपल्याच बोलण्याला खदखदा हसत होते. आमच्या गाडीतले पण.

बायकोनं माझं मनगट सोडलं.

प्रयोग संपल्यावर मित्र रंगपटात भेटला. अंगाला अत्तराचा वास, गळ्यात मफलर. मला मिठी मारली, हिला म्हणाला, "वहिनी, या या." नटी तोंडावरचा रंग पुसत होती. वागायला खरोखर चांगली. ओळख करून दिल्यावर तिला नीट कळलं नाही. पण हिनं दोन शब्द बोलताच ती उठून उभी राहिली.

"अय्या, हा तुमचाच आवाज. महिनाभर कानात घालून फिरत होते मी. सर म्हणाले होते, गावातल्या एका बाईंचं बोलणं मिळवलंय. मला वाटलं, नाटक ज्यांच्यावरून लिहिलंय त्या खऱ्या बाई म्हणजे तुम्हीच."

मित्र फोनमध्ये काहीतरी बघायला लागला.

"न्हाई," बायको म्हणाली. "मी शाळेत शिकवते. अन् हे काम पहिलं मी केलंय."

नटीनं मित्राकडं पाहिलं. मग विचारलं, "मग ते चहाचं वाक्य बरोबर जमतं का मला? तिथं हमखास हशा येतो."

"तिथं हसायचं न्हाई," बायको म्हणाली आणि बाहेर आली.

परतताना अहमदपूरला चहाला थांबलो. सगळे नाटकावर खूश. एक जण बायकोला म्हणाला, "तुम्ही जरा दबकून करत होतात. त्या नटीनं रंगवलं." तिनं कप खाली ठेवला आणि गाडीत जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी मी मित्राला फोन केला. बरंच काही बोलायचं ठरवलं होतं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुझं खरंय. नाव टाकायला पाहिजे होतं. पण एक सांग, तुमच्याकडं राहिलं असतं तर दोन प्रयोगांत मेलं असतं की नाही?" मी फोन ठेवला. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, तेच मला जास्त लागलं. त्यानंतर आमचं बोलणं नाही.

पुढं लातूरचाही प्रयोग ठरला. नटीचा सत्कार करायचा, शाल स्थानिक कलावंत म्हणून बायकोनं द्यायची, असं मंडळींनी परस्पर ठरवून टाकलं. हिनं नको म्हटलं. मग कुजबुज सुरू झाली, वहिनींना हेवा वाटतो. ज्यांच्याबरोबर वर्षानुवर्षं तालमी केल्या, त्यांनीच ही चर्चा चालवली. या वर्षी स्पर्धेत आमच्या मंडळींचं नाटक गेलंच नाही.

लातूरच्या प्रयोगाच्या दिवशी आम्ही घराला कुलूप लावून जवळच्या मुरुडला मेहुणीकडं गेलो. जेवताना मेहुणी म्हणाली, "आज तुमच्याकडं ते मोठं नाटक हाय म्हणं. अन् तुम्ही इकडं कसे?"

"आम्ही बघितलंय," बायको म्हणाली. "वरण वाढ जरासं."