डॉक्टरबाईंचा जबाब

ती घटना आठवायला मला आजही कागद लागत नाहीत. नोकरीत शेकडो जबाब घेतले. त्यांतले बहुतेक फाइली बंद झाल्या तसे डोक्यातूनही गेले. हा एक गेला नाही. नावं मी कुणाचीच देणार नाही. माणसं आता राहिली नाहीत, पण त्यांची नातेवाईक मंडळी आहेत.

साठच्या दशकाची सुरुवात होती. मी जयपूरच्या एका ठाण्याचा प्रमुख होतो. वडील सोलापूरहून इथल्या कॉलेजात शिकवायला आले, मी इथेच वाढलो आणि इथेच पोलिसात लागलो. घरात मराठी, ठाण्यात हिंदी, आणि रस्त्यावर इथली ढूंढाडी बोली. शहरात मराठी घरं मोजकी, त्यामुळे सगळी एकमेकांना ओळखत.

त्या वर्षी शहरात एका सहलीचा फार बोलबाला होता. एका गृहस्थांनी स्वतःला धरून चौदा जणांचा गट जमवला होता. सहलीचे व्यवस्थापकही तेच. मुंबईहून बोटीने इटलीतल्या नेपल्सला जायचं, समुद्राकाठच्या बड्या हॉटेलात आठ दिवस उतरायचं, दिवसा उन्हात फिरायचं आणि रोज संध्याकाळी ऑपेरा पाहायचा. ऑपेरा म्हणजे त्यांचं संगीत नाटक, फक्त तिथे साधं बोलणंही गाऊनच होतं. चौदांतले बहुतेक जवाहिरे, एक माजी जहागीरदार आणि त्यांची पत्नी, एक कारखानदार. यांच्यापैकी कुणाला ऑपेऱ्याचं वेड असेल असं मला वाटत नव्हतं. विलायतेला जाऊन आलो हे सांगता येणं, एवढंच त्यांना पुरेसं होतं.

वेड होतं ते एकीलाच. त्या इथल्या एका इस्पितळात शस्त्रक्रिया करणाऱ्या मराठी डॉक्टरबाई. वय पन्नाशीचं, लग्न केलेलं नव्हतं, माणूस कडक. पासपोर्टसाठी पोलिसांचा अहवाल लागतो, तो चौदाही जणांचा मीच दिला होता. त्यासाठी बाईंच्या घरी गेलो, तेव्हा त्यांनी खुर्ची ओढून अगदी माझ्यासमोर आणून ठेवली आणि चहा-चिवडा दिला. मला ती आपुलकी वाटली.

“विलायतेत शिकून परत येताना बोट नेपल्सला दोन दिवस थांबली होती,” त्या म्हणाल्या. “सगळ्यात वरच्या सज्ज्यात उभं राहून एक ऑपेरा ऐकला. शब्द एक कळला नाही. रडू मात्र आवरेना. त्यानंतर नुसत्या तबकड्या ऐकतेय. एकदा खुर्चीत बसून ऐकायचंय.”

“मग इतकी वर्षं का थांबलात?”

“रजा साठवत होते,” त्या हसून म्हणाल्या. “आता आणखी थांबून चालायचं नाही.”

असं का, ते मी विचारलं नाही.

निघायचा दिवस शुक्रवार होता. दुपारच्या गाडीने सवाई माधोपूर आणि तिथून मुंबई. बोट पुढच्या बुधवारी सुटणार होती. त्या सकाळी माझा एक खबऱ्या ठाण्यात आला. पाचूला, इथल्या भाषेत पन्न्याला, पैलू पाडणारा कारागीर होता तो, आणि त्याची खबर सहसा खोटी नसे.

“साब, आज जो टोली विलायत जा रही है, उसके साथ पन्ने जा रहे हैं. बिना परमिट के. डाक्टरनीजी की पेटी में.”

“तुला कसं कळलं?”

“नग मैंने ही घिसे हैं, साब. कारखाने में बात हुई, तो कान में पड़ गई.”

रोजनाम्यात नोंद केली, दोन प्रतिष्ठित पंच घेतले आणि स्टेशनवर गेलो. गटाचे लोक गळ्यात हार घालून उभे होते. बाईंच्या चामडी हातपेटीचं अस्तर उसवलं, तर तळाशी पाचूच्या तीन पुड्या निघाल्या. सहलीचे व्यवस्थापक माझ्या शेजारीच उभे होते. त्यांनी कपाळाला हात लावला. “डाक्टरनीजी से ये उम्मीद नहीं थी,” ते पुन्हापुन्हा म्हणत होते. मी पंचनामा करत असताना पेटी धरून ठेवायला त्यांनी मदतही केली. गाडी सुटली. तेरा जण गेले, बाई फलाटावर राहिल्या. त्यांनी एकदाच विचारलं, “ती गाडी गेली का?”

ठाण्यात बायकांची कोठडी नव्हती. माझ्या कचेरीशेजारच्या खोलीत तुरुंगातल्या एका वॉर्डनबाईंच्या पहाऱ्यात त्यांना ठेवलं. मग जबाब सुरू केला. लिहायला दिवाणजी होते. आमच्याकडे हेड कॉन्स्टेबलला दिवाणजी म्हणत.

मला वरिष्ठांनी शिकवलं होतं की खोटं बोलणारा माणूस प्रश्न स्वतःशी पुन्हा म्हणून वेळ काढतो, उत्तर देण्याआधी तपासणाऱ्याचा चेहरा निरखतो, आणि अडचणीच्या प्रश्नाला भलतंच उत्तर देतो. बाई तिन्ही गोष्टी करत होत्या. माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होत्या.

“पुड्या पेटीत कोणी ठेवल्या?”

“काल संध्याकाळी.”

“मी ‘कोणी’ विचारतोय.”

“कोणी...” त्या म्हणाल्या आणि गप्प झाल्या.

माझी एक सवय होती. आरोपीकडे पाठ करून खिडकीपाशी जायचं आणि तिथूनच अचानक प्रश्न टाकायचा. भल्याभल्यांची तारांबळ उडत असे. मी तसं तीनदा केलं. तिन्ही वेळा मागून एक शब्दही आला नाही. दिवाणजींनी तिन्ही वेळा लिहिलं, ‘उत्तर दिले नाही.’

मला खात्रीच पटली. शिवाय मनात राग होता. मराठी बाई, माझ्या ओळखीची, जिच्याबद्दल मी स्वतः चांगला अहवाल दिला, तिने मला तोंडघशी पाडलं होतं. शनिवारी सकाळी त्यांना मॅजिस्ट्रेटसमोर उभं केलं. “कुछ कहना है?” असं मॅजिस्ट्रेटनी विचारलं. बाई “जी” म्हणाल्या आणि नुसत्या उभ्या राहिल्या. तीन दिवसांची पोलीस कोठडी मिळाली. पासपोर्ट आणि बोटीचं तिकीट मी त्याच वेळी कोर्टात जमा करून टाकलं. तशी घाई नव्हती. चार दिवस ते माझ्या ठाण्याच्या मालखान्यात राहिले असते तरी कुणी विचारलं नसतं. पण कागद चोख आणि काम झटपट दिसावं, अशी माझी इच्छा होती.

रविवारी सकाळी दिवाणजी माझ्यापाशी आले. त्यांचा चेहरा उतरला होता.

“साब, बाईजी नै सुणै कोनी.”

म्हणजे बाईंना ऐकू येत नाही. वॉर्डनबाईंच्या हातून बाईंच्या पाठीमागेच पितळी परात फरशीवर पडली होती. बाहेरचा पहारेकरी दचकून आत धावला, पण बाईंनी मानसुद्धा वळवली नव्हती. दिवाणजींच्या आईचे कान गेलेले होते, म्हणून ते त्यांच्या लगेच लक्षात आलं.

मी बाईंसमोर खुर्ची घेऊन बसलो आणि सावकाश विचारलं, “डॉक्टरबाई, तुम्हाला ऐकू येत नाही का?”

दार लोटलेलं आहे ना, ते त्यांनी पाहिलं. मग म्हणाल्या, “उजवा कान गेलाय. डाव्यात थोडं उरलंय. समोर बसून बोललात तर ओठांवरून लावते. कानाच्या डॉक्टरांनी एक वर्ष सांगितलंय, फार तर.”

“पहिल्याच दिवशी सांगायचं होतं!”

“तुमच्या कागदावर आलं असतं. तिथून इस्पितळात गेलं असतं. मग ऑपरेशनच्या टेबलापाशी मला कोण उभं राहू देणार? मला वाटलं, चार प्रश्न आहेत, निभावून नेईन.” मग त्यांनी विचारलं, “त्या खिडकीपाशी तुम्ही काही बोलत होतात का?”

मी मानेनेच हो म्हटलं. दिवाणजी बाहेर निघून गेले.

आता सगळे प्रश्न नव्याने विचारले. उत्तरं सरळ आली. निघायच्या आदल्या दिवशी व्यवस्थापकांनी नावाच्या चिठ्ठ्या लावायच्या म्हणून सगळ्यांच्या हातपेट्या मागून नेल्या होत्या आणि संध्याकाळी परत दिल्या होत्या. मी पेटी त्यांच्यापुढे ठेवली. उसवलेल्या अस्तराला अर्धे टाके अजून लटकत होते. बाईंनी चष्मा लावून ते उजेडाकडे धरले.

“हे माझे नाहीत. पेटी बनवणाऱ्या कारखान्याचेही नाहीत. एवढे बारीक आणि सारखे टाके रोज दोऱ्याचं काम करणाराच घालेल. आणि ही गाठ बघा. अशी गाठ मी कधी मारली नाही.”

दोरा मेणवलेल्या रेशमाचा होता. मोती आणि दागिने ओवून देणारे पटवे असा दोरा वापरतात. जौहरी बाजारामागच्या गल्लीत पटव्यांची दुकानं होती. दुपारपर्यंत त्यांतला एकजण बोलता झाला. पेटी व्यवस्थापकांच्या मेव्हण्याने आणली होती. आत काय आहे ते पटव्याला सांगितलेलं नव्हतं, नुसतं अस्तर शिवून मागितलं होतं. मेव्हण्याला उचललं. त्याने तासाभरात सगळं कबूल केलं. बाई डॉक्टर, एकट्या, वयस्कर, त्यांच्या पेटीत बंदरावर कुणी हात घालणार नाही, असा हिशेब होता. बोटीवर पोचल्यावर पुड्या काढून घ्यायच्या होत्या. मुंबईला तार केली. व्यवस्थापक सोमवारी तिथे एका हॉटेलात पकडले गेले.

बाईंना मी रविवारीच मुचलक्यावर सोडलं. आता प्रश्न पासपोर्टचा होता. सोमवारी संध्याकाळच्या गाडीत बसल्या असत्या, तर बुधवारची बोट मिळाली असती. पण सोमवार-मंगळवार होळी आणि धुळवडीची सुट्टी. कोर्ट बंद. मी मॅजिस्ट्रेटसाहेबांच्या बंगल्यावर गेलो, तर ते कुटुंबासह गावी गेले होते. कोर्टाच्या नाझरांना गाठलं. ते म्हणाले, “हुकम के बिना मैं ताला कैसे खोलूँ, साब? आप तो कायदा जानते हैं.” मी जाणत होतो. वरिष्ठांकडे गेलो. त्यांनी मोठा गुन्हा उघडकीस आणल्याबद्दल माझी पाठ थोपटली आणि पासपोर्टचं बुधवारी बघू म्हणाले.

सोमवारी संध्याकाळी बाई सामान घेऊन स्टेशनवर आल्या होत्या. मी येऊन सांगेन, म्हणून थांबल्या होत्या. मी लांबूनच हात हलवून नाही म्हटलं. जवळ जायला हवं होतं. गेलो नाही.

कोर्टाचा हुकूम बुधवारी दुपारी हातात पडला. बोट तेव्हा सुटलेली होती. गटातले बाकीचे लोक ठरल्याप्रमाणे गेले. व्यवस्थापक नव्हते, पण तिकिटं आणि खोल्या ठरलेल्या होत्या. ऑपेऱ्यातली बाईंची खुर्ची तेवढी आठ दिवस रिकामी राहिली असेल.

पासपोर्ट द्यायला मी स्वतः गेलो. बाईंनी पावतीचा कागद मांडीवर घेतला आणि मान खाली घालून एकेक ओळ वाचू लागल्या. तेव्हा मी म्हणालो, “डॉक्टरबाई, माझी चूक झाली. मला माफ करा.” त्या वाचतच होत्या. सही केली, कागद परत दिला आणि म्हणाल्या, “बरोबर आहे ना?” मी मान डोलावली. पुन्हा बोलायला तोंड उघडलं, पण दुसऱ्यांदा ते शब्द निघेनात.

व्यवस्थापकांना शिक्षा झाली. मला प्रशस्तिपत्र मिळालं. बाईंच्या कानांची गोष्ट माझ्याच केस डायरीतून कोर्टात वाचली गेली आणि तिथून इस्पितळात पोचली. चार महिन्यांत त्यांचं शस्त्रक्रियेचं काम बंद झालं. पुढच्या वर्षी त्या नोकरी सोडून सांगलीला भावाकडे गेल्या. तोवर डावा कानही गेला होता. परदेशी जाण्यावरचे निर्बंधही मग वाढत गेले. त्या पुन्हा नेपल्सला गेल्या नाहीत, आणि गेल्या असत्या तरी उपयोग नव्हता.

लोक विचारतात, या प्रकरणाने काय शिकवलं? शिकलो ते सांगतो. त्यानंतर मी कुणाकडे पाठ करून प्रश्न विचारला नाही. गप्प राहिलेल्या माणसाला आधी ऐकू येतं का, समजतं का, भीती वाटते का, ते पाहिलं, मग संशय घेतला. पुढे पोलीस ट्रेनिंग शाळेत हेच नव्या मुलांना सांगत आलो. त्यातून काही निरपराध माणसं सुटली असतील. पण ते शहाणपण ज्यांच्या जिवावर मिळालं, त्यांना त्याचा काही उपयोग झाला नाही, आणि ही भरपाई कुठल्याही खात्याला करता येत नाही. माफी मागायची राहून गेली, असंही मला म्हणता येत नाही. मी मागितली होती. ती पोचली नाही हे मला त्याच क्षणी दिसलं होतं, आणि तरीही मी टोपी उचलून जिना उतरलो.