मागितलं की द्यायचं

सलीमभाईंचा फोन आला तेव्हा मी वर्गात चित्रं कापत बसले होते. "बाई, रेहाना नाही राह्यली," ते म्हणाले. आदल्या दिवशी छातीत दुखतं म्हणून त्यांनी बायकोला यवतमाळला नेलं होतं, एवढंच मला ठाऊक. मी म्हटलं, "बरं, मग उद्याचा वर्ग मी घेते." काय बोलले मी! असं कोणी बोलतं का? पण बोलले खरी... आणि फोन ठेवून पुन्हा कात्री चालवायला लागले.

पुसदच्या आमच्या शाळेत ऑटिझम असलेल्या मुलांचा वर्ग रेहाना मॅडम आणि मी मिळून चालवायचो. बोलता न येणारं मूल पाण्याचं चित्र तुमच्या हातात ठेवतं, म्हणजे त्याला पाणी पाहिजे, हे मी त्यांच्याकडूनच शिकले. छापील चित्रांचा संच आला, त्यात जेवण म्हणून पाव आणि लोणी. मॅडम फणकारल्या, "आपल्या पोरांच्या डब्यात कधी पाह्यलं का हे?" आणि मुलांचे डबे उघडून भाकरीचे, वरणभाताचे फोटो काढत सुटल्या. नियम मात्र कडक. एकदा पाखीनं झोक्याचं चित्र माझ्या हातात ठेवलं आणि मी आपली फोनवर बोलतच राहिले, तर सगळ्यांसमोर झापलं मला. "सुनंदा, ते पोरगी मांगून राह्यली ना तुले? मांगितलं की द्याचं. नाही देता येत तर 'थांब' दे. पण 'थांब' दिलं तर मंग द्याच लागते, समजलं?" 'थांब' म्हणजे पिवळ्या हाताचं कार्ड. असा राग यायचा त्यांचा! त्या दिवशी मी त्यांना डब्यातलं लोणचं विचारायची नाही. त्या आपणहून घ्यायच्या.

पाखी नऊ वर्षांची, मॅडमच्या ओढणीला धरून चालणारी. हजेरीच्या पट्टीवर सगळ्यांचे फोटो वेल्क्रोनं चिकटवलेले असतात. मॅडम गेल्यावर शाळा उघडली, त्या सकाळी पाखीनं पट्टीवरून मॅडमचा फोटो ओढून काढला आणि माझ्या हातात ठेवला.

अगं बाई, आता काय देऊ हिला? फुलीचं कार्ड दाखवावं, तर आमच्याकडे त्याचा अर्थ 'हात लावू नकोस'. 'संपलं'च्या डब्यात फोटो टाकावा, तर त्या डब्यातली चित्रं आम्हीच रोज सकाळी परत पट्टीवर लावतो. माझं डोकंच चालेना. मी फोटो परत केला आणि तिला 'थांब' दिलं.

ती थांबली. डबा उघडला नाही, झोक्यावर गेली नाही. शाळा सुटली, आई न्यायला आली, तरी पिवळा हात मांडीवर धरून दाराकडे तोंड करून बसलेली. आईनं उचलून नेलं तेव्हा जी ओरडली, ते अजून ऐकू येतं मला. दुसऱ्या दिवशी फोटो आणि कार्ड मुठीत घेऊनच आली आणि पुन्हा दाराकडे तोंड करून बसली. मॅडम, तुमच्या वर्गात मी असं खोटं बोलले.

मग आठवलं... आंबे संपले तरी पाखी आंब्याचं चित्र देत राहायची, तेव्हा मॅडमनी तिला रिकाम्या पेटीत हात घालू दिला होता. म्हणून तिच्या आईला विचारून मी पाखीला मॅडमच्या घरी नेलं. बरोबर केलं की चूक, मला आजही कळत नाही. सलीमभाईंनी सगळी दारं उघडली. पाखीनं एकेक खोली पाहिली, पलंगावरची चादर उचलून खालीही पाहिलं. मग सलीमभाईंसमोर उभी राहिली आणि फोटो त्यांच्या हातात ठेवला.

"मले काहून देऊन राह्यली, बाई?"

"मागतेय ती," मी म्हटलं. "तिला मॅडम पाहिजेत."

ते खाली बसले आणि तो फोटो त्यांनी परत पाखीच्या हातात ठेवला. "मले भी पायजे, बेटा."

पाखीनं फोटो पाहिला. मग दुसऱ्या मुठीतलं पिवळ्या हाताचं कार्ड तिनं सलीमभाईंना दिलं.

तिला काय कळलं, मला ठाऊक नाही. हल्ली ती फोटो परत पट्टीवर चिकटवून ठेवते, कोणाच्या हातात देत नाही. नवं 'थांब' करायला मी दोनदा पिवळा कागद काढला आणि परत ठेवून दिला. परवा बाजारात सलीमभाई भेटले. शर्टाच्या खिशातून ते कार्ड काढून म्हणाले, "वर्गात लागत असन तर घेऊन जा, बाई."

मी म्हटलं, "राहू द्या."

त्यांनी ते परत खिशात ठेवलं.